प्रकाशरावांच्या नावावरची केबिन

१

२०२४ सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. रथसप्तमी तोंडावर आली होती आणि अबुधाबीच्या अल रीम आयलंडवर, परचुऱ्यांच्या फ्लॅटमध्ये हळदीकुंकू अगदी रंगात आलं होतं. सुनेने, म्हणजे ईशानीने, वाण म्हणून काचेचे डबे आणले होते. बायका ते उलटेपालटे करून किंमत काढत होत्या.

"पंधरा दिरहॅम तरी असेल गं. म्हणजे साडेतीनशे रुपये!"

"सेलमध्ये नऊला होता. मी पाहिलाय."

"तुझ्या नजरेतून काही सुटेल तर शपथ."

मृणालिनीबाई तिळगूळ वाटत होत्या. पुण्यातल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने बारीक पण आवाज अजून वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या घराला कुलूप लावून त्या नि प्रकाशराव मुलाकडे राहायला आले होते. बायकांच्या गर्दीला बुजून प्रकाशराव आतल्या खोलीत पेपर घेऊन बसले होते, आणि त्यांचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला होता.

तो फोन वाजला. नातीने, ओवीने, धावत जाऊन उचलला. प्रकाशरावांना ऐकू कमी येई म्हणून फोन कायम स्पीकरवर असे. पलीकडचा माणूस श्वास न घेता सुरू झाला.

"प्रकाश परचुरे सर? अर्श बोल रहा हूँ, क्रूझ के कसीनो से! मुबारक हो सर! आपने व्हिडिओ पोकर इतना बढ़िया खेला की आपके पॉइंट्स से अगले सीझन का केबिन बिलकुल फ्री. बाल्कनीवाला, सर!"

ओवीने फोन छातीशी धरला आणि आनंदाने ओरडली, "आजोबा! यू वन ॲट द कसीनो!"

कुणीतरी डबा टीपॉयवर ठेवला त्याचा आवाजही मोठा वाटला. दाराशी प्रकाशराव येऊन उभे होते, चष्मा कपाळावर, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मृणालिनीबाईंनी मान खाली घातली.

त्या क्षणी त्यांना एकच वाटलं. पुन्हा.

२

डिसेंबरच्या सुट्टीत ते सगळे दुबईहून मस्कतला जाऊन परत येणाऱ्या बोटीवर गेले होते. बोट किनाऱ्यापासून लांब, कुणाच्याच हद्दीत नसलेल्या पाण्यात गेली की कसीनोचे दिवे लागत. दारात मशिनं ओळीने मांडलेली होती. पडद्यावर पाच पत्ते येतात, हवे ते ठेवायचे, नको ते टाकायचे, टाकलेल्यांच्या जागी एकदाच नवे मिळतात. जोडी, तीन सारखे, एका रंगाचे पाच, जसा हात जमेल तसे पैसे. आणि बोटीचं कार्ड मशिनमध्ये घालून खेळलं की प्रत्येक डावाचे पॉइंट वेगळे जमतात. मृणालिनीबाई रोज जेवायला जाताना तिथून मान वळवून गेल्या होत्या. त्याला कारण होतं.

१९८९ साली प्रकाशरावांनी तीन पत्तीच्या नादात बायकोच्या पाटल्या घालवल्या होत्या. त्या रात्री मृणालिनीबाईंनी त्यांचा हात नऊ वर्षांच्या निनादच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. त्यानंतर घरात पत्त्यांचा कॅट आला नाही.

तो निनाद आता चव्वेचाळीस वर्षांचा होता. एका मोठ्या बँकेत, लोकांचे व्यवहार नियमात बसतात की नाही हे तपासण्याची नोकरी करत होता. ऑफिसातून आला तो बूट न काढताच वडिलांसमोर बसला.

"बाबा, फोन द्या. पाकीटही द्या."

"अरे, पण मी..."

"तुमचं कार्ड, तुमचं नाव. दुसरं कोण असणार? आख्ख्या मराठी मंडळासमोर! उद्या माझ्या ऑफिसात कळलं तर काय सांगू, की माझे फादर गॅम्बलर आहेत?"

"निनाद, हळू," ईशानी म्हणाली. "ओवी ऐकतेय."

"ऐकू दे. मीही ऐकलंच होतं."

प्रकाशरावांनी पाकीट टेबलावर ठेवलं. मग निनादने आईकडे न बघता सांगून टाकलं. पुण्यात एक चांगलं केंद्र आहे, ज्येष्ठांसाठी, चोवीस तास देखरेख असते. पुढच्या आठवड्याचं तिकीट काढतो. आई इथेच राहील, ओवीसाठी.

"म्हणजे आम्हाला वेगळं करणार तू?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

"आई, तूच सांग. तुला परत त्यातून जायचंय?"

त्या उठल्या. खोलीत गेल्यावर दार लावून त्यांनी नवऱ्याला विचारलं, "खरं सांगा. खेळलात?"

प्रकाशराव पलंगाच्या काठावर बसले होते. गेल्या वर्षापासून ते विसरू लागले होते. चष्मा, लिफ्टचा मजला, भाजीवाल्याला पैसे दिले की नाही.

"मला आठवत नाही गं," ते म्हणाले. "पण कार्ड माझंच आहे ना? म्हणजे मीच खेळलो असणार. बघ, एवढंसुद्धा आठवेना मला." आणि ते तिच्याकडे असे बघू लागले, जणू पुढचं तिनेच सांगावं.

३

मृणालिनीबाईंना त्या वाक्याने झोप लागू दिली नाही. १९८९ नंतर कितीतरी वर्षं, जेवताजेवता मध्येच, हा माणूस म्हणायचा, "त्या दिवशी माझ्या हातात दोन एक्के होते." जिंकलेला नि हरलेला एकेक डाव त्याला पाठ होता. तो बायकोचं नाव विसरेल, पण फुकट केबिन मिळवून देणारा डाव विसरेल? गणिताच्या बाईंना हे उत्तर पटेना.

मग कार्ड दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं होतं?

बोटीवर त्यांच्याबरोबर हनीफभाई आणि अन्वरी होते. हनीफभाई मूळचे श्रीवर्धनचे, जबल अलीत त्यांचं मालाचं गोदाम, घर खलिफा सिटीत. प्रकाशरावांची नि त्यांची दोस्ती बागेतल्या बाकावर जमलेली. मृणालिनीबाई टॅक्सी करून त्यांच्याकडे गेल्या. अन्वरीने सांदण पुढे ठेवलं.

"हनीफभाई, बोटीवर यांचं कार्ड कधी तुमच्याकडे होतं का?"

"होतं ना! एकदा. माझं कार्ड मशीन घेईना, म्हणून भाऊंच्या कार्डावर दोन आइस्क्रीम घेतले. परत दिलं निनादकडे. सगळ्यांची कार्डं, पासपोर्ट त्याच्याच गळ्यातल्या पिशवीत होते ना."

"म्हणजे ह्यांचं कार्ड ह्यांच्याकडे नसायचंच?"

"भाऊ हरवतात म्हणून पोरगा देत नसे. खोली तर तुमच्या कार्डाने उघडायची." हनीफभाई थांबले. त्यांनी बशी खाली ठेवली. "वहिनी, तुम्ही हे का विचारताय?"

मृणालिनीबाईंनी शब्द फिरवून बघितले, पण ते सरळच बाहेर पडले. "संध्याकाळी आम्ही बायका शो बघायला जायचो. तेव्हा तुम्ही नि हे वर डेकवर असायचात. मधे तुम्ही उठून जायचात, असं हे म्हणाले."

"मगरिबची नमाज पढायला जायचो," हनीफभाई सावकाश म्हणाले. "कुठे जायचो असं वाटलं तुम्हाला?"

अन्वरी मध्ये पडली. "अवो, वहिनींच्या मनात तसं काय नाय..."

"मनात आहे म्हणून तर एवढ्या लांब आल्यात. फोनवर नाही विचारलं." ते उठले. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "भाऊंना घरातून काढतात म्हणून ऐकलं. मी येणारच होतो, बोलायला निनादशी. आता कोणत्या तोंडाने येऊ?"

परतताना टॅक्सीत मृणालिनीबाईंनी पदर तोंडावर धरला होता. मित्रावर संशय घ्यायला किती वेळ लागला त्यांना? सांदण थंड व्हायच्या आत. आणि त्यांना हेही कळत होतं की मनातून त्यांना तोच हवा होता. हनीफभाईच निघाले असते तर घरातलं कुणी निघालं नसतं.

पिशवी निनादच्या गळ्यात होती. ती पिशवी रात्री ईशानीच्या उशाशी असे.

४

ईशानी लॅपटॉपवर कुठलीशी मीटिंग संपवून स्वयंपाकघरात आली तेव्हा सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या.

"ईशानी, बोटीवर संध्याकाळी तू शोला येत नव्हतीस."

"आई, मला बोट लागली होती! ती गोळी घेऊन मी मेल्यासारखी झोपायचे. अख्खी क्रूझ मी उशीत तोंड घालून बघितली." ती हसली आणि मग तिचं हसू गेलं. "का? मी खेळले असं वाटतंय?"

"मला काहीच वाटत नाही. विचारतेय."

"मला पत्त्यांतलं फक्त ऊनो येतं, तेही ओवी हरवते. आणि तुमचा लेक मला म्हणाला असता का खेळ म्हणून? तो तर रोज जिमला. सुट्टीवरसुद्धा जिम! एवढं करून दोन किलो वाढवून आला." तिने सासूबाईंच्या हातातली जुडी काढून घेतली. "आई, मला बाबांचं वाईट वाटतंय. पण निनादपुढे मी काय बोलू? ती पाटल्यांची गोष्ट मला लग्नाच्या आधी सांगितली होती त्याने. पहिल्या भेटीत. तुम्हाला माहितेय?"

मृणालिनीबाईंना माहीत नव्हतं.

प्रकाशरावांचा फोन निनादच्या कपाटात होता. पण ओवीने त्या दिवशीचा नंबर आजीच्या फोनवर घेऊन ठेवला होता, "इन केस वी गो अगेन, आजी." दुपारी घरात कुणी नसताना मृणालिनीबाईंनी तो लावला. आपल्या शाळेतल्या हिंदीत, घसा साफ करून.

"मैं मिसेस प्रकाश परचुरे बोलती हूँ."

"अरे मॅडम! नमस्ते! सर ने केबिन कन्फर्म नहीं किया अभी तक."

"पहले मुझे बताइए, हमारे मिस्टर खेलते कैसे थे? मतलब, नसीब से जीते क्या?"

अर्श मोकळेपणी हसला. "नसीब? बिलकुल नहीं, मॅडम. सर तो एकदम किताब हैं. इस मशीन में सही पत्ता रखना आता हो तो मशीन बहुत कम खाती है, और पॉइंट्स पूरे मिलते हैं. मगर लोग पढ़के नहीं आते. नया आदमी क्या करता है? छोटी जोडी हो, साथ में इक्का हो, तो इक्का पकड़ के बैठेगा. सर ने एक बार भी नहीं पकड़ा. इक्का फेंक देंगे, जोडी रखेंगे. मैं तो देखने खड़ा हो जाता था."

"अच्छा," मृणालिनीबाई म्हणाल्या.

"बस एक ही गडबड थी. दस का पत्ता! पता नहीं क्या मोहब्बत है सर को दस से. जोडी के साथ दस चिपका के रखेंगे. मैंने मज़ाक में बोला भी, सर, इसमें दस की कोई इज्जत नहीं, गुलाम से ऊपर सब शुरू होता है. अगली बार फिर वही."

मृणालिनीबाईंनी श्वास घेतला. "और दिखते कैसे थे?"

पलीकडचं हसू थांबलं.

"मॅडम," अर्श हळूच म्हणाला, "आप तो उनकी वाइफ हैं ना?"

आणि फोन बंद झाला.

५

दश्शी. ज्याला पत्त्यांचं वेड तीन पत्तीने लागलंय तो एक्क्यावर जीव टाकतो. प्रकाशरावांचं आयुष्य एक्क्याच्या मागे गेलं होतं. दश्शी त्यांच्या दृष्टीने कचरा होती. मग दश्शीला जिवापाड जपणारा खेळ कोणता?

मेंढीकोट. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या; ज्या जोडीकडे जास्त मेंढ्या, ती जिंकली. तिथे एक्का कशासाठी? मेंढी पकडायला. ज्याने लहानपणी मेंढीकोट खेळलाय त्याचा हात म्हातारपणीही दश्शी सोडताना अडखळतो. पण मेंढीकोट तर अर्ध्या महाराष्ट्राला येतो. श्रीवर्धनला येत नसेल कशावरून? ईशानी खरं बोलली कशावरून? मृणालिनीबाईंनी स्वतःला असे प्रश्न विचारले आणि एक प्रश्न विचारला नाही.

शुक्रवारी त्यांनी हनीफभाईंना नि अन्वरीला जेवायला बोलावलं. फोनवर आधी माफी मागितली. पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला, मग अन्वरीचा आवाज आला, "येतो वहिनी. भाऊंसाठी येतो." प्रकाशरावांचं तिकीट रविवारचं होतं. बॅग दाराजवळ भरून ठेवलेली होती.

निनादला ऑफिसात उशीर होता. जेवणं झाल्यावर मृणालिनीबाईंनी टेबल पुसलं आणि पर्समधून नवा कॅट काढला. प्रकाशराव खुर्चीतून अर्धे उठले.

"हे काय करतेस?"

"ओवीला शाळेत संभाव्यता शिकवतायत. तिला एक प्रयोग दाखवायचाय."

"आजी, इट्स ॲक्चुअली नेक्स्ट टर्म," ओवी म्हणाली.

"मग तू पुढे राहशील वर्गाच्या." त्यांनी पाच पत्ते उघडे मांडले. बदामचा एक्का, किल्वरची दश्शी, इस्पिकची नव्वी आणि दोन चव्व्या. "समजा हे पाच आले. हवे ते ठेवायचे, बाकीचे बदलून मिळतात. प्रत्येकाने सांगायचं, तुम्ही काय ठेवाल? ईशानी, तू."

"जोडी ठेवेन. आणि एक्का. एक्का मोठा असतो ना?"

"हनीफभाई?"

ते अजून जरा अवघडूनच बसले होते. पत्त्यांकडे बघून मात्र पुढे झुकले. "आमच्याकडे तीनशे चार नावाचा डाव खेळायचे. त्यात गुलाम सगळ्यांत वर, त्याच्या खाली नव्वी. माझा हात तर नव्वीवरच जाणार, वहिनी. नव्वी आणि एक्का."

"आणि ही दश्शी?"

"दश्शीचं काय करू? लोणचं?"

अन्वरीने खूप वेळाने मोकळं हसून दिलं. मृणालिनीबाईंची मान मात्र आणखी खाली गेली. त्यांनी पत्ते नवऱ्यापुढे सरकवले.

"तुम्ही."

"मला शपथ आहे," प्रकाशराव म्हणाले. हात त्यांनी मांडीखाली घेतले होते, लहान मुलासारखे.

"मी घातली, मीच सोडते. एका डावापुरती."

त्यांनी उजवा हात बाहेर काढला. एका बोटाने त्यांनी एक्का जवळ ओढला, फक्त एक्का, आणि लगेच हात मागे घेतला.

"बाबांनी जोडीसुद्धा नाही ठेवली," ईशानी नवलाने म्हणाली.

तेवढ्यात दार उघडलं. निनाद आत आला, टायची गाठ सैल करत, आणि टेबलावरचे पत्ते बघून थबकला.

"हे काय चाललंय? आई? बाबांसमोर?"

"माझ्यासाठी आहे," ओवी म्हणाली. "डॅड, इट्स माय टर्न. आय वॉन्ट द एस अँड द फोर्स." तिने एक्का नि दोन्ही चव्व्या उचलल्या.

निनाद तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याला चिडून काहीतरी म्हणायचं होतं; तोंड उघडलंही होतं त्याने. पण डोळे पत्त्यांवर होते, आणि पत्ते बघितल्यावर माणसाचा हात डोक्याच्या आधी चालतो.

"एस सोड, ओवी," तो म्हणाला. "लो पेअर ठेवायची. एस इथे काही कामाचा नाही." त्याने तिच्या हातातून एक्का काढून टेबलावर टाकला. आणि त्याच हाताने, न बघता, किल्वरची दश्शी उचलून दोन चव्व्यांच्या शेजारी लावून दिली.

मृणालिनीबाईंनी डोळे मिटून घेतले.

६

"बाबांची बॅग उघड," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बॅग उघड आणि कपडे परत कपाटात लाव. मग बोलू."

"आई, काय झालं तुला?"

"मला झालंय ते सांगते." त्या वर्गात उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या. "कसीनोतला माणूस मला म्हणाला, यांच्या कार्डावर जो खेळत होता तो छोटी जोडी ठेवायचा आणि एक्का फेकायचा. शिकून आलेला माणूसच असं करतो. आणि वर म्हणाला, दश्शी मात्र सोडत नव्हता. तू आत्ता आमच्या डोळ्यांदेखत दोन्ही केलंस. एक्का टाकलास, ते तू शिकलास कुठेतरी, मोबाईलवर. दश्शी ठेवलीस, ती मी शिकवली तुला. वाईला, मामाकडे, मे महिन्याच्या सुट्टीत. बाबा क्लबात असायचे तेव्हा. मेंढी गेली की तू जेवायचा नाहीस, निनाद. कार्डं तुझ्या पिशवीत होती. ईशानी गोळी घेऊन झोपायची. जिमला कोण जात होतं?"

ईशानीने नवऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यानेच तो खाली बसला.

"तो जुगार नव्हता, आई," निनाद म्हणाला. "मी वर्षभर अभ्यास केला होता त्याचा. त्यात नशीब नाही, गणित आहे. खेळून फारसं जात नाही आणि पॉइंट जमतात. पुढच्या वर्षी सगळ्यांना फुकट न्यायचं होतं मला. बाबांसारखं नव्हतं ते. मी बाबांसारखा नाही."

"मग स्वतःच्या कार्डावर का नाही?"

"माझी नोकरी काय आहे, तुला माहितेय. कसीनोच्या यादीत माझं नाव चाललं नसतं. आणि बाबांचं नाव..." तो थांबला.

"बोल," मृणालिनीबाई म्हणाल्या.

"बाबांचं नाव असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं."

हनीफभाई उठून खिडकीशी गेले. अन्वरीने ओवीला हात धरून आतल्या खोलीत नेलं. "यल्ला, चल बेटा, तुझी ड्रॉइंग दाखव मला." ओवीने जाताना बापाकडे एकदा वळून पाहिलं.

"तो फोन त्यांच्या नंबरवर येईल हे माहीत नव्हतं मला," निनाद पुटपुटला. "आला, आणि सगळे बाबांकडेच बघायला लागले. मग मागे कसा येणार होतो?"

"आणि ते म्हणाले, मला आठवत नाही, मीच खेळलो असणार. ते ऐकलंस तू. तरी तिकीट काढलंस."

निनादने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सगळे प्रकाशरावांकडे बघत होते. ते इतका वेळ टेबलावरच्या पत्त्यांवर नजर लावून बसले होते. त्यांनी मान वर केली, ती बायकोकडे.

"म्हणजे मी खेळलोच नव्हतो?"

"नाही हो."

"म्हणून आठवत नव्हतं!" ते म्हणाले. त्यांचा सबंध चेहरा उजळला. "अगं, मला वाटलं डोकं पार गेलं माझं. रोज रात्री आठवायचा प्रयत्न करत होतो. मशीन कुठे होतं, पत्ते कुठले आले. काही केल्या दिसेना." ते हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "निनाद, अरे, मी अगदी बरा आहे की! हनीफ, ऐकलंस ना?"

"ऐकलं, भाऊ," खिडकीकडे तोंड करूनच हनीफभाई म्हणाले.

निनादला एखादी थप्पड मिळाली असती तर बरं वाटलं असतं. वडील त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

७

रविवारचं तिकीट रद्द झालं. फुकटची केबिन कुणी घेतली नाही. मुदत संपून ती गेली.

निनादची नोकरी टिकली, कारण गोष्ट घराबाहेर गेली नाही. हळदीकुंकवाच्या बायकांना खरं काय ते कुणी सांगितलं नाही. मृणालिनीबाईंनी सांगायचं ठरवलं होतं, एकदा साडीसुद्धा बदलली होती. पण मग मुलाची बँक, सगळ्यांचा व्हिसा, ओवीची शाळा असं एकेक डोळ्यांपुढे आलं आणि त्या परत खुर्चीत बसल्या. अल रीमवरच्या मराठी घरांत प्रकाश परचुरे म्हणजे कसीनोवाले आजोबा, ते आजतागायत. नवऱ्याचं नाव आणि मुलाची नोकरी यांत त्यांनी काय निवडलं हे त्यांना पुरतं माहीत आहे.

ईशानी नवऱ्याला सोडून गेली नाही. बरेच महिने ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. आता प्रवासाला निघताना सगळ्यांची कार्डं नि पासपोर्ट तिच्या पर्समध्ये असतात आणि निनाद मागत नाही. ते अल रीम सोडून खलिफा सिटीत राहायला गेले.

ओवीला त्या दिवशी आतल्या खोलीत किती ऐकू गेलं, कुणी विचारलं नाही. शाळेत तिने सांगून टाकलंय की माझे आजोबा पोकर चॅम्पियन आहेत. तिला तो मान वाटतो. घरात कुणी तिची चूक दुरुस्त करत नाही.

हनीफभाईंनी जबल अलीचं गोदाम भावाच्या मुलाला, ओवेसला, दिलं आणि ते नि अन्वरी श्रीवर्धनला परतले. प्रकाशरावांना ते आठवड्यातून दोनदा फोन करतात. मृणालिनीबाईंनी उचलला तर "भाऊ आहेत का?" एवढंच विचारतात, अदबीने, वहिनी म्हणूनच. पूर्वी आधी पाच मिनिटं त्यांची थट्टा करत.

म्हातारी दोघं त्याच एप्रिलमध्ये आपल्या मर्जीने पुण्याला आली. निनाद विमानतळावर वडिलांच्या पाया पडला तेव्हा प्रकाशरावांनी त्याला उठवून विचारलं, "काय रे, परीक्षा आहे का?" त्यानंतर वर्षभरात त्यांचं विसरणं खरोखरीच वाढलं. बोट गेली, मस्कत गेलं, ते हळदीकुंकू गेलं, निनादची कबुलीही गेली. डॉक्टर म्हणतात, हे असंच होत जाणार.

एक मात्र राहिलंय. संध्याकाळी फिरायला निघण्याआधी ते दाराशी उभे राहतात आणि दोन्ही खिसे बाहेर उलटे काढून बायकोला दाखवतात. निनादने पाकीट काढून घेतलं त्या आठवड्यात त्यांनी आपणहून सुरू केलं होतं ते, कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी थांबवलंही नव्हतं. आपण हे का करतो, ते आता त्यांना ठाऊक नाही. मृणालिनीबाई रोज पुढे होतात, खिसे आत सारतात, शर्ट नीट करतात.

"ठीक आहे ना?" ते विचारतात.

"ठीक आहे," त्या म्हणतात, आणि त्यांच्याकडे न बघता दार उघडतात.